फंड मॅनेजरचा विक्रम वाचायचा कसा? (लिंच, मिलर, हीबनर आणि आपली एसआयपी)

ताळेबंद

फंड निवडताना बहुतेक लोक दोन आकडे बघतात: पाच वर्षांचा परतावा आणि मॅनेजरचा अनुभव. दोन्ही आकडे खरे असतात आणि दोन्हींवरून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. मोठ्या मॅनेजरांच्या कारकिर्दी नीट उलगडून पाहिल्या की हे लक्षात येतं, म्हणून हा धागा. 'कोणता फंड घेऊ' हा प्रश्न कृपया इथे नको, त्यासाठी दुसरे पन्नास धागे आहेत.

सुरुवात पीटर लिंचपासून. अमेरिकेतल्या फिडेलिटी या फंड घराण्याचा मॅगेलन फंड त्याने मे १९७७ ते मे १९९० असा तेरा वर्षं सांभाळला. वार्षिक परतावा सरासरी २९.२ टक्के, म्हणजे एका डॉलरचे साधारण २८ झाले. पण याच काळात फंडाचा आकार दोन कोटी डॉलरच्या आसपासून १,४०० कोटी डॉलरवर गेला, सुमारे ७०० पट. परताव्याने जर २८ पटच वाढ दिली, तर बाकीचा पैसा आला कुठून? नवीन गुंतवणूकदारांकडून. १९८१ पर्यंत हा फंड नव्या लोकांसाठी बंद होता. म्हणजे १९७७ ते ८१ मधली घसघशीत वर्षं मूठभर जुन्या युनिटधारकांच्या पदरात पडली. २९.२ हा फंडाचा आकडा आहे. त्यात पैसे टाकणाऱ्या सरासरी माणसाचा आकडा वेगळाच असणार.

तर कोणताही विक्रम वाचताना माझे चार प्रश्न असे. परतावा मिळाला तेव्हा फंडाचा आकार किती होता? तुलना कोणत्या निर्देशांकाशी, आणि लाभांश धरून की सोडून? खर्च वजा जाता की आधीचा? आणि तोच माणूस अजून तिथे आहे का?

चक्रवाढ

पहिल्या मुद्द्याला आकडेमोडीची जोड देतो.

समजा फंडात सुरुवातीला १०० कोटी आहेत. पहिल्या वर्षी ६० टक्के परतावा, झाले १६० कोटी. वर्तमानपत्रात नाव आलं, वितरकांनी फोन फिरवले, ८४० कोटी नवे आले. आता १,००० कोटी. दुसऱ्या वर्षी फंड २० टक्के पडला, उरले ८००.

फंडाच्या माहितीपत्रकात काय दिसेल? १.६ गुणिले ०.८ म्हणजे १.२८, वर्षाला १३.१ टक्के. छान. गुंतवणूकदारांनी टाकले ९४० कोटी, हातात ८००. म्हणजे १४० कोटींचा तोटा. यात कोणी खोटं बोललेलं नाही.

हे पुस्तकी उदाहरण वाटत असेल तर केन हीबनरचा सीजीएम फोकस फंड बघा. नोव्हेंबर २००९ अखेरच्या दहा वर्षांत वार्षिक १८.२ टक्के, अमेरिकेतल्या शेअर फंडांमध्ये त्या दशकातला अव्वल. पैसे कधी आले-गेले ते धरून मॉर्निंगस्टार या फंडांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने हिशेब केला तेव्हा त्याच फंडातल्या सरासरी गुंतवणूकदाराचा परतावा निघाला वर्षाला उणे ११ टक्के. २००७ मध्ये फंड ८० टक्के वाढला, त्यानंतरच्या वर्षात लोकांनी २६० कोटी डॉलर ओतले आणि २००८ मध्ये तो ४८ टक्के पडला. मग अनेकजण तळाशी बाहेर पडले.

स्वतःचा खरा परतावा काढायचा असेल तर स्प्रेडशीटमधलं एक्सआयआरआर (तारखा धरून वार्षिक परतावा काढणारं सूत्र) वापरा. एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा. भरलेले पैसे उणे चिन्हाने, काढलेले अधिक, शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य अधिक चिन्हाने. चुका ठरलेल्या असतात: तारीख मजकूर म्हणून साठवली जाते (दिवस-महिना उलटापालट झाला की हमखास), शेवटची ओळ राहून जाते, किंवा चार महिन्यांच्या एसआयपीवर एक्सआयआरआर काढून लोक ४० टक्के बघून नाचतात. वर्षभराच्या आतला आकडा वार्षिक करून बघायचाच नाही.

कट्ट्यावरची

उत्तम धागा. बाळबोध प्रश्न: हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडच्या मॅनेजरचा विक्रम तपासायचा तर माहिती मिळते कुठे आणि नेमकं करायचं काय?

पासबुक

@कट्ट्यावरची, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. क्रमाने सांगते.

फंड घराण्याची मासिक फॅक्टशीट (माहितीपत्रक) उघडा. प्रत्येक योजनेखाली मॅनेजरचं नाव आणि तो कोणत्या तारखेपासून ती योजना बघतोय हे दिलेलं असतं. 'एकूण अनुभव २२ वर्षं' सोडून द्या, ही तारीख वहीत लिहा. तुमची तुलना या तारखेपासून सुरू होणार, फंडाच्या जन्मापासून नाही.

मग ॲम्फी या फंड घराण्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरून महिनाअखेरच्या एनएव्ही, म्हणजे एका युनिटच्या किमती, घ्या. ग्रोथ पर्यायाच्याच (ज्यात नफा फंडातच राहतो) घ्या. लाभांश देणाऱ्या पर्यायाची एनएव्ही वाटपाच्या दिवशी खाली येते आणि फंड उगाच नालायक दिसतो. डायरेक्ट प्लॅन (वितरकाशिवाय घेतलेले) १ जानेवारी २०१३ पासूनच आहेत, त्यामागचा इतिहास हवा तर रेग्युलर (वितरकामार्फतच्या) प्लॅनचा घ्यावा लागेल. एकाच तक्त्यात दोन्हींची सरमिसळ करू नका.

शेजारच्या रकान्यात निर्देशांक घ्या, पण 'टोटल रिटर्न' प्रकारचा, ज्यात लाभांश पुन्हा गुंतवलेला धरतात. हे महत्त्वाचं आहे. सेबी या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०१८ पासून अशा टोटल रिटर्न निर्देशांकाशी (टीआरआय) तुलना सक्तीची केली. त्याआधी फंड स्वतःच्या परताव्यात लाभांश धरायचे आणि निर्देशांकाच्या परताव्यात धरायचे नाहीत! निर्देशांक लाभांश सोडून ११ टक्के आणि धरून १२.३ टक्के असेल, तर १२ टक्के देणारा फंड जुन्या मापाने जिंकतो आणि नव्या मापाने हरतो. जुन्या जाहिराती, जुने लेख वाचताना हे डोक्यात ठेवा.

आता तीन वर्षांचा सरकता परतावा. ३६ ओळी खालच्या एनएव्हीला वरच्या एनएव्हीने भागा, उत्तराचा एक-तृतीयांश घात घ्या, त्यातून एक वजा करा. सूत्र खालपर्यंत ओढा. निर्देशांकासाठी तेच. दोन्हींतला फरक तिसऱ्या रकान्यात. मग मोजा की किती टक्के कालखंडांत फंड पुढे होता, आणि सर्वांत वाईट कालखंडात किती मागे पडला. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण लोक पळतात ते तिथे.

खड्डा एकच मोठा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने योजनांचे प्रकार ठरवून दिले. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज, १०१ ते २५० मिड, पुढच्या सगळ्या स्मॉल. लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के लार्जमध्येच ठेवायचे. २०१८ मध्ये अनेक योजनांची नावं बदलली, काही विलीन झाल्या. आज 'लार्ज कॅप' म्हणवणाऱ्या योजनेचा २०१४ चा झकास परतावा मिडकॅपमधून आलेला असू शकतो. २०१८ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे काढा.

आकडेमोड

पासबुक, +१. 'लागोपाठ इतकी वर्षं जिंकला' या प्रकाराबद्दल थोडं.

लेग मेसन व्हॅल्यू ट्रस्टच्या बिल मिलरने १९९१ ते २००५ अशी लागोपाठ पंधरा कॅलेंडर वर्षं एस अँड पी ५०० या अमेरिकी निर्देशांकाला मागे टाकलं. नाणं पंधरा वेळा छापाच पडण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. पण हजारो मॅनेजर अनेक दशकं नाणं उडवत असतील, तर कोणाचा तरी असा क्रम लागणं तितकं अचाट राहत नाही. मोजणी जानेवारी-डिसेंबरऐवजी दुसऱ्या महिन्यापासून केली असती तर ही साखळी मध्येच तुटली असती. हे खुद्द मिलरनेही मान्य केलं होतं. माणूस हुशार नव्हता असं म्हणायचं नाही. ॲमेझॉन त्याने ओळखला आणि धरून ठेवला. फक्त 'लागोपाठ पंधरा' हे माप कौशल्याचं नव्हे.

२००८ मध्ये हा फंड सुमारे ५५ टक्के पडला. कारण शिकण्यासारखं आहे. बेअर स्टर्न्स, एआयजी, फ्रेडी मॅक यांसारखे वित्तीय कंपन्यांचे शेअर पडत असताना तो अधिकाधिक घेत गेला. आधीच्या घसरणींमध्ये हीच पद्धत चालली होती. यावेळी का नाही? कारखान्याचा शेअर निम्मा झाला तरी कारखाना जागेवर असतो. बँक किंवा गहाणकर्ज कंपनीच्या १०० रुपये मालमत्तेमागे स्वतःचं भांडवल ४ रुपये असेल, तर मालमत्ता ४ टक्क्यांनी घसरली की भागधारकांचं काहीच उरत नाही. वर पुढचा निधी उभा करायला बाजार नकार देतो तो वेगळाच. अशा ठिकाणी पडत्या भावात ॲव्हरेज करणं (आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणणं) म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं.

आणि ५५ टक्के पडल्यावर मूळ जागी यायला १२२ टक्के वाढावं लागतं. १ भागिले ०.४५, करून बघा.

चक्रवाढ

मिलरच्या बाबतीत सहमत, पण नाण्याचा युक्तिवाद फार ताणू नये. जॉन नेफने विंडसर फंड १९६४ ते १९९५ सांभाळला आणि निर्देशांकावर वर्षाला साधारण तीन टक्क्यांची आघाडी राखली. एकतीस वर्षांत पडके बाजारही आले आणि महागाईचं दशकही. लागोपाठ जिंकला नाही, मध्ये मार खाल्ला, तरी एकूण आघाडी टिकली. आमच्या मते असा विक्रम मिलरच्या साखळीपेक्षा वजनदार. त्याने केलेली एक गोष्ट कमी बोलली जाते: १९८५ मध्ये फंड फार फुगला म्हणून नव्या गुंतवणूकदारांसाठी दार बंद झालं.

हिशेबी

आकाराचा प्रश्न निघालाच आहे तर यंत्रणा सांगतो, कारण 'मोठा फंड म्हणजे सुरक्षित' हा समज पक्का रुजलेला आहे.

समजा २०,००० कोटींचा स्मॉल कॅप फंड. मॅनेजरला २,००० कोटी बाजारमूल्याची एक कंपनी सापडली. त्याला फंडाच्या २ टक्के गुंतवायचे आहेत, म्हणजे ४०० कोटी, म्हणजे कंपनीचा पाचवा हिस्सा. सेबीच्या नियमाने एका फंड घराण्याच्या सगळ्या योजना मिळून कंपनीच्या मताधिकार असलेल्या भांडवलाचा १० टक्क्यांहून अधिक हिस्सा घेता येत नाही. म्हणजे कमाल २०० कोटी, फंडाचा फक्त १ टक्का. शेअर दुप्पट झाला तरी फंड एका टक्क्याने वाढणार.

ते २०० कोटी घ्यायचे कसे? त्या शेअरची रोजची उलाढाल ४ कोटी असेल आणि भाव न हलवता त्यातला पाव भाग उचलता आला, तर रोज १ कोटी. २०० व्यवहाराचे दिवस, म्हणजे जवळजवळ अख्खं वर्ष खरेदीतच गेलं. विकतानाही तेच, आणि पडत्या बाजारात उलाढाल आटलेली असते.

५०० कोटींच्या फंडाला हीच कंपनी २ टक्क्यांनी घ्यायला १० कोटी लागतात. दहा दिवसांचं काम. म्हणून लहान असताना मिळवलेला परतावा मोठेपणी तसाच मिळेल हे धरून चालू नका. प्रामाणिक घराणी आवक रोखतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये डीएसपीने आपल्या मायक्रो कॅप योजनेत नवे पैसे घेणं थांबवलं होतं. शुल्क फंडाच्या आकारावर मिळत असताना दार लावून घेणं सोपं नाही, त्यामुळे हे घराण्याच्या गुणपत्रिकेत नोंदवावं.

मार्च २०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप योजनांना ताण-चाचणीचे आकडे जाहीर करावे लागतात: पोर्टफोलिओचा २५ टक्के आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील. फंड घराण्यांच्या आणि ॲम्फीच्या संकेतस्थळावर दर महिन्याला मिळतात. आकडा दरमहा वाढत चालला असेल तर कान टवकारा.

कट्ट्यावरची

हिशेबी, हे कुठेच इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं. पुढचा प्रश्न: मॅनेजर सोडून गेला तर? फंड विकायचा?

ताळेबंद

दुसऱ्या दिवशी नक्कीच नाही.

आधी मॅगेलनचं पुढे काय झालं ते. लिंचनंतर मॉरिस स्मिथ दोन वर्षं, मग १९९२ ला जेफ्री विनिक. विनिकचा विक्रम चांगला होता, पण १९९५-९६ मध्ये त्याने मोठा हिस्सा शेअरमधून काढून बाँड आणि रोखीत नेला, बाजार वर गेला आणि १९९६ मध्ये तो बाहेर पडला. पुढचा रॉबर्ट स्टॅन्स्की २००५ पर्यंत होता. १९९७ ला फंड नव्या लोकांसाठी बंद केला, तरी २००० च्या सुमारास आकार १०,००० कोटी डॉलरवर गेला. एवढ्या आकारात निर्देशांकापेक्षा फार वेगळं वागताच येत नाही, शुल्क मात्र सक्रिय फंडाचं. नाव तेच, फंड पूर्ण वेगळा.

आपल्याकडे प्रशांत जैन यांचं उदाहरण घ्या. जुलै २०२२ मध्ये त्यांनी एचडीएफसी एएमसी सोडली. प्रुडेन्स, म्हणजे आजची बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज, त्यांनी नव्वदच्या दशकापासून सांभाळलेली योजना. २०१८ ते २०२० मध्ये सरकारी बँका, वीज कंपन्या यांच्यावरचा भर अंगाशी आल्याने त्यांच्या योजना मागे पडल्या, खूप टीका झाली आणि कंटाळून बरेचजण बाहेर पडले. मग २०२१-२२ मध्ये तेच शेअर वर आले. स्वस्तात घेणाऱ्या मॅनेजरच्या कारकिर्दीत अशी दोन-तीन वर्षं येणारच. ती सोसायची तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

मॅनेजर बदलला की बघायचं ते असं: सहा ते बारा महिन्यांचे पोर्टफोलिओ शेजारी ठेवा. दर महिन्याला जाहीर होतात. पहिले दहा शेअर किती बदलले, रोख किती, उलाढालीचं प्रमाण वाढलं का. नवा माणूस घरातलाच असेल तर त्याने आधी सांभाळलेल्या योजनेचा सरकता परतावा काढा, वर पासबुक यांनी दिलाय तसा. एक बारकावा: योजनेचं मूलभूत स्वरूप बदललं तर ३० दिवस एक्झिट लोड (लवकर बाहेर पडण्याचं शुल्क) न भरता बाहेर पडता येतं, पण नुसता मॅनेजर बदलणं त्यात मोडत नाही.

पासबुक

आणि विकायचंच ठरलं तर कराचा हिशेब आधी. शेअर फंड, वर्षाहून जुनी युनिटं, आजचं मूल्य ८ लाख, खरेदी ५ लाख. नफा ३ लाख. वर्षाला १.२५ लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त, उरले १.७५ लाख. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के: २१,८७५ रुपये, त्यावर ४ टक्के उपकर (सेस) ८७५. एकूण २२,७५०.

तेच निम्मं मार्चमध्ये आणि निम्मं एप्रिलमध्ये विकलं (भाव साधारण तोच धरून) तर दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते. करपात्र नफा ५० हजार, कर उपकरासह ६,५००. सोळा हजार वाचले.

युनिटं आधी घेतलेली आधी विकली, असं धरतात. त्यामुळे चालू एसआयपीचे शेवटचे बारा हप्ते वेगळे राहू द्या. त्यांवर अल्पकालीन २० टक्के कर आणि बहुधा १ टक्का एक्झिट लोड बसतो. ३१ जानेवारी २०१८ पूर्वीची युनिटं असतील तर त्या दिवसाच्या एनएव्हीचा फायदा (खरेदीची किंमत म्हणून साधारण ती धरता येते) घ्यायला विसरू नका. बरेच लोक विसरतात.

हा कर आज नाही तर उद्या भरायचाच आहे, म्हणून अख्खा २२,७५० चा आकडा नव्या फंडाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण फंड-बदलाची सवयच असेल तर चक्रवाढीच्या इंजिनातलं इंधन दर वेळी थोडं थोडं सांडतं.

आकडेमोड

खर्चाचा तिसरा प्रश्न राहिला. १९५७ ते १९६९ वॉरन बफेची गुंतवणूक भागीदारी वर्षाला २९.५ टक्क्यांनी वाढली. ६ टक्क्यांवरच्या नफ्यात चौथा हिस्सा बफेचा, त्यामुळे भागीदारांच्या हाती २३.८. तेरा वर्षांत पहिल्या दराने १ चे सुमारे २९ होतात, दुसऱ्याने १६. तरी भागीदार खूष होते, कारण डाऊ हा अमेरिकी निर्देशांक ७.४ टक्के होता. अशी गुणवत्ता असेल तर द्यावं शुल्क.

नसेल तर? इंडेक्स फंड जिंकेल की हेज फंड, या २००८ ते २०१७ च्या प्रसिद्ध पैजेत बफेने निवडलेला साधा इंडेक्स फंड (निर्देशांकाची नक्कल करणारा) एकूण १२५.८ टक्के वाढला. समोरच्या पाच हेज-फंड-संचांपैकी सर्वांत चांगला ८७.७ टक्के, सर्वांत वाईट २.८. तिथे शुल्काचे दोन थर होते.

आपल्या पातळीवर: एक लाख रुपये, वीस वर्षं. १२ टक्क्यांनी ९.६५ लाख, ११ टक्क्यांनी ८.०६ लाख. डायरेक्ट आणि रेग्युलरमधल्या एका टक्क्याची किंमत ही. वितरक खरोखर सल्ला देत असेल, २०२० च्या मार्चमध्ये तुम्हाला विकण्यापासून रोखत असेल, तर तो टक्का वसूल. फक्त फॉर्म भरून देत असेल तर नाही.

नवी_पाटी

उशिरा आलो. कोणी या व्यवसायात येऊ पाहत असेल तर वाट कशी असते? आयआयटी-आयआयएम शिवाय प्रवेश नाही असं ऐकतो.

हिशेबी

भारतातल्या मोठ्या नावांत ती जोडी दिसते खरी. जैन कानपूर आयआयटी आणि बंगळुरू आयआयएमचे, आयसीआयसीआय प्रुडेन्शियलचे एस. नरेन मद्रास आयआयटी आणि कोलकाता आयआयएमचे. पण सीए होऊन संशोधनात शिरलेलेही भरपूर आहेत. ताळेबंद वाचण्यात सीएचा हात धरणारा कोणी नाही.

पायऱ्या साधारण अशा: ब्रोकरेज किंवा फंड घराण्यात कनिष्ठ विश्लेषक, एखाद-दोन क्षेत्रं (सिमेंट, औषधं, बँका), मग स्वतंत्र विश्लेषक, मग सहायक मॅनेजर, मग एखादी छोटी योजना. घाई कोणाचीच चालत नाही. लिंच १९६६ ला फिडेलिटीत उन्हाळी उमेदवारीला गेला, १९६९ ला विश्लेषक झाला, १९७४ ला संशोधनप्रमुख, आणि मॅगेलन मिळाला १९७७ ला. नेफने क्लीव्हलँडच्या एका बँकेत आठेक वर्षं विश्लेषण केलं, मग विंडसर.

सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय पात्रतेच्या तीन परीक्षा, शिवाय किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव. विश्लेषक म्हणून एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा, मालिका १५; पीएमएस (श्रीमंत ग्राहकांचे स्वतंत्र पोर्टफोलिओ) सांभाळायची तर २१-ब. एनआयएसएमचं संकुल आपल्या पाताळगंगेलाच आहे, रसायनीजवळ. प्रमाणपत्राने दार उघडतं, एवढंच. मुलाखतीत विचारतात ते वेगळं: एखादी कंपनी घ्या, पाच वर्षांचे वार्षिक अहवाल वाचा, नफा आणि प्रत्यक्ष रोख आवक यांत तफावत का आहे ते सांगा. बहुतेक उमेदवार नफा-तोटा पत्रकाच्या पुढे जात नाहीत आणि येणी, साठा, संबंधित पक्षांशी व्यवहार यांच्या टिपा उघडतच नाहीत. तयारी करायची तर सहा कंपन्यांवर प्रत्येकी दोन पानी टिपण लिहा. शेअर का घ्यावा हे एका पानावर आणि आपण कोणत्या गोष्टीने चुकीचे ठरू हे दुसऱ्या पानावर.

कट्ट्यावरची

शेवटचं विचारते. माझ्या यादीतल्या एका फंडाचा मॅनेजर येऊन दीडच वर्ष झालंय. तीन वर्षांचा सरकता परतावा निघणारच नाही. मग काय?

पासबुक

मग त्याचा विक्रम नाही असं धरा; चांगला नाही आणि वाईटही नाही. आधीच्या योजनेत त्याने तीनेक वर्षं काढली असतील तर तिचा रकाना मांडा, मात्र ती योजना त्याच प्रकारची हवी. तेही नसेल तर घराण्यातल्या इतर शेअर योजना बघा, कारण संशोधनाची तुकडी बहुधा एकच असते. चालू एसआयपी राहू द्या, रक्कम वाढवू नका, आणि नवी भर त्याच निर्देशांकाच्या इंडेक्स फंडात टाका. तीन वर्षं झाली की दोन्हींचे रकाने शेजारी ठेवायला आयते मिळतील.